लांडग्याचा माळ कसा राखावा

पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यात लांडगा, तरस, कोल्हा आणि खोकड हे प्राणी अभयारण्यांपेक्षा गायरानांवर, वनविभागाच्या तुटक तुकड्यांवर आणि पडीक रानांतच अधिक आढळतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर आहे आणि लांडग्यांचा एक कळप त्याच्या कितीतरी पट मुलखात फिरतो. म्हणून माळ राखण्याचे बरेचसे काम ग्रामपंचायत, मेंढपाळ आणि वनरक्षक यांच्यावरच येऊन पडते.

कामाची सुरुवात पाऊस सरताच, ऑक्टोबरात, पाहणीने करावी. ओढ्याच्या काठची चिखलवट सकाळी उन्हे वर येण्यापूर्वी पाहिली, तर रात्री कोण येऊन गेले हे बहुधा कळते: गावचे कुत्रे इकडेतिकडे हुंगत गेलेले असते, तर लांडग्याचे ठसे सुतात ओवल्यासारखे एका ओळीत पडलेले असतात, कारण त्याचा मागचा पाय बहुतेक वेळा पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो. तरसाची विष्ठा हाडांच्या चुऱ्यामुळे वाळल्यावर पांढरी दिसते. दरडीतल्या बिळाच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती दिसली, तर जवळ न जाता दुर्बिणीतून पाहून परतावे.

दख्खनच्या माळावर लांडग्याची पिल्ले साधारणतः हिवाळ्यात जन्मतात. या काळात बिळाच्या परिसरात जेसीबी, मुरूम-उपसा आणि जाळरेषेचे (वणवा अडवण्यासाठी गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काम थांबवावे, आणि बिळाचा ठावठिकाणा कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. माणसांची वर्दळ वाढली की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि त्या धावपळीत एखादे पिल्लू मागे राहिले तर ते कुत्र्यांच्या तावडीत सापडते. छायाचित्रासाठी बिळापर्यंत गाडी नेणारे हौशी लोक स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात, याचे मला नेहमीच नवल वाटते.

माळावर झाडे लावू नयेत. हे अनेकांना पटत नाही, कारण सरकारी दप्तरात माळ म्हणजे ‘पडीक’, आणि पडीक जमीन दिसली की गिरिपुष्प, सुबाभूळ आणि सलग समतल चर (उताराला आडवे खोदलेले लांब खड्डे) यांची योजना तयारच असते. पवन्या, मारवेल आणि कुसळी या गवतांच्या मुळांनी धरून ठेवलेली उथळ माती चर खोदताना उलटी पडते, सावलीत गवत विरळ होते, आणि त्या गवतावर जगणारे ससे, उंदीर व चिंकारा तेथून हटतात. चराई पूर्ण बंद करण्याचीही गरज नसते. माळाचे भाग पाडून पवन्याचे बी गळेपर्यंत एक भाग राखून ठेवला, तरी गवत सावरते.

खरी कसोटी मेंढवाड्यावर लागते. लांडग्याचे बरेचसे अन्न शेळ्या-मेंढ्याच आहेत, आणि तरीही धनगरांनी त्याला शतकानुशतके शेजारी सोसले आहे. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, सैल असेल तर लांडगा खालून शिरतो. म्हणून तिची खालची कड दगडांनी दाबावी, कोकरे मधोमध ठेवावीत आणि राखणीचे कुत्रे बाहेरच्या बाजूस असावे. नुकसान झालेच, तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावे (मदतवाहिनी १९२६) आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. मेंढपाळ फिरता असल्याने कागदपत्रे दूरच्या गावी राहतात आणि भरपाई अडते. ज्याच्या शेतात मेंढ्या बसवल्या आहेत, त्या शेतकऱ्याने आणि ग्रामसेवकाने त्याच दिवशी अर्ज भरून दिला, तर मेलेल्या मेंढीवर विष टाकण्याची वेळ सहसा येत नाही. असे विष लांडग्यापुरते थांबत नाही. तरस, कोल्हे, घारी आणि वाड्यावरचे कुत्रेही त्याला बळी पडतात. शिवाय लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे.

कुक्कुटपालन शेडमधील मेलेल्या कोंबड्या माळावर फेकल्या जातात तेथे भटकी कुत्री वाढतात, आणि त्यांच्याबरोबर रेबीज व डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) यांसारखे रोगही येतात. पुण्याजवळ लांडगा व कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालेला आहे. त्यामुळे मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरण्याची अट ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखल्यातच घालावी, आणि कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण मेंढवाड्यांपर्यंत न्यावे. वन्यप्राणी पडू नयेत म्हणून बिनकठड्याच्या विहिरींना निदान तारेचे कुंपण तरी करावे.

हे सर्व गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या प्राणी-वनस्पतींची नोंद ठेवणारी वही) गट क्रमांकांसह नोंदवून घ्यावे, म्हणजे उद्या त्याच गायरानावर एखादा प्रकल्प आला, तर तेथे काय राहते याचा लेखी पुरावा गावाकडे असेल. बिळांचे नेमके ठिकाण मात्र त्या वहीत लिहू नये. ते वनरक्षकाच्या दैनंदिनीतच राहू द्यावे.