बाळाचे नाव ठेवून झाले आणि मन बदलले तर

बारसे होऊन आठवडा उलटलेला असतो, घुगऱ्या वाटून झालेल्या असतात, बाळाच्या कानात नाव सांगून आत्याने पाठीत धपाटेही खाल्लेले असतात, आणि एखाद्या रात्री दूध पाजताना आईच्या मनात येते की हे नाव काही या बाळाला शोभत नाही. असे झाले तर नवी नावे शोधायला बसण्यापूर्वी, ठेवलेले नाव कागदावर कुठवर पोहोचले आहे ते पाहावे. नाव फक्त पाळण्यात असेल तर हाताशी भरपूर वेळ आहे. ते महापालिकेच्या नोंदवहीत गेले असेल तर वाट निराळी आहे.

जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 प्रमाणे जन्माची माहिती 21 दिवसांत द्यावी लागते, आणि प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ती माहिती रुग्णालयच कळवते. नाव मात्र त्याच वेळी द्यावे असे बंधन नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून जन्म नोंदवता येतो, आणि नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांच्या आत आई-वडिलांनी नाव कळवले तर ते विलंब शुल्काविना भरून मिळते. त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन ते घालता येते. म्हणून घरात एकमत नसेल तर रुग्णालयाचा फॉर्म भरताना नावाचा रकाना खुशाल कोरा सोडावा.

आम्ही तो सोडला नाही. घरी सोडण्याच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी गर्दी होती, मी खुर्चीवर बाळाला घेऊन बसले होते, आणि खिडकीतल्या बाईंनी ‘बाळाचं नाव?’ असे विचारताच माझ्या सासऱ्यांनी अतिशय आनंदाने ‘हेरंब’ असे सांगून टाकले. नक्षत्र पुष्य, म्हणजे हू, हे, हो, डा ही अक्षरे, आणि त्यात हे गणपतीचे नाव. त्यांच्या दृष्टीने यावर विचार करण्यासारखे काही उरलेच नव्हते. बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर मात्र तेव्हाही ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझे नाव एवढेच होते, आणि खरे सांगायचे तर पुढचे काही महिने लसीकरणाच्या वहीपासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत तेवढ्याने कुठेही अडले नसते.

मन का बदलले, याचा शोध नाव बदलण्यापूर्वी घ्यावा. नाव उच्चारायला जड जाते, ओळखीत त्याच नावाची आणखी तीन मुले निघाली, किंवा त्या नावाच्या एखाद्या माणसाची कटू आठवण आहे, ही नावाविषयीची कारणे झाली. आपल्याला विचारले नाही, हे कारण नावाविषयीचे नाही. नाव बदलल्याने ती खंत जाईलच असे नाही, आणि ज्याच्याशी बोलायला हवे त्याच्याशी बोलल्यावर कधीकधी तेच नाव गोड वाटू लागते. त्यातच बाळंतिणीची झोप झालेली नसते. नावाबरोबरच सगळेच नकोसे वाटत असेल, रडू आवरत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर नावाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

कारण नावातच आहे असे ठरले, तर जुने आणि नवे अशी दोन्ही नावे घरात वापरून पाहावीत. पहिले तीन-चार दिवस फक्त एक, मग तितकेच दिवस दुसरे. नाव कागदावर वाचून कळत नाही, ते हाक मारून कळते. मुंबईत ही हाक तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलापर्यंत किंवा दादरच्या पुलावरच्या गर्दीत दहा पावले पुढे गेलेल्या मुलापर्यंत पोहोचावी लागते, आणि शेवटी ‘आ’ किंवा ‘ई’ असलेली नावे तिथे लांबवता येतात, तशी व्यंजनात संपणारी येत नाहीत. मग त्या नावाचे शाळेतले रूप करून पाहावे. प्रकाशचा पक्या आणि सचिनचा सच्या करणारी आपली भाषा कोणालाही सोडत नाही. हेरंबचा हेऱ्या होणार हे मी एका दुपारी मोठ्याने म्हणून पाहिले आणि ते मला सहन झाले. सहन झाले नाही, तर ते कारण किरकोळ समजू नये.

पूर्ण नावही एकदा लिहून पाहावे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांत ठरला आहे, त्यामुळे पूर्वी जे नाव तीन शब्दांत सुटसुटीत वाटले असते ते आता चार शब्दांत कसे वाटते हे पाहणे आवश्यक झाले आहे. आईचे नाव आणि बाळाचे नाव लागोपाठ येते, आणि ती दोन्ही एकाच वळणाची असली की म्हणताना जीभ अडखळते. इंग्रजी आद्याक्षरे जुळून भलताच शब्द होत नाही ना, तेही त्याच कागदावर पाहून घ्यावे.

खरी डोकेदुखी इंग्रजी स्पेलिंगची असते. ‘ज्ञ’साठी डी, एन, वाय लिहायचे की जी, वाय, ‘ऋ’साठी आर, यू की आर, आय, याचा निर्णय दोघांनी मिळून एकदाच करावा आणि तो कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक खिडकीवरचा माणूस आपापल्या कानाने स्पेलिंग करतो.

नक्षत्रावरून निघालेले अक्षर सोडावे लागते म्हणून वडीलधारे नाराज होत असतील, तर त्याला आपल्या परंपरेतच उत्तर आहे. नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरून आलेले नाव, पत्रिकेत ठेवून व्यवहारात वेगळे नाव वापरण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि पाळण्यातले नाव एक, हाक मारायचे दुसरे, असे तर घरोघरी असते. ठेवलेले नाव पत्रिकेला देऊन टाकले की ते फुकट गेले असे कोणाला वाटत नाही. ज्या आत्याने कानात नाव सांगितले तिला मात्र सर्वांच्या आधी आणि फोनवर सांगावे. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर तिला कळले तर पुढची अनेक दिवाळी-भाऊबीज त्यात जाते. चांदीच्या वाटीवर आणि चमच्यावर नाव कोरून आले असेल, तर ती वाटी तशीच वापरावी. बाळाचे काय होईल ही काळजी करू नये. साडेचार-पाच महिन्यांच्या सुमारास बाळ आपल्या नावाचा आवाज ओळखू लागते, त्याआधी नाव बदलले तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता नाव नोंदवहीत गेलेले असेल तर. कायद्याच्या कलम 15 प्रमाणे चुकीची नोंद दुरुस्त करता येते, पण मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी करणारे अधिकारी, तारखेसह सही करतात. मन बदलणे ही चूक नव्हे, त्यामुळे नाव आवडेनासे झाले एवढ्या कारणावर दुसरे नाव लिहून मिळेल असे गृहीत धरू नये. मुंबईत जन्म ज्या विभागात झाला त्या विभाग कार्यालयात जावे, राहत्या विभागाच्या नव्हे: राहायला मुलुंडला आणि प्रसूती परळला असेल तर टी विभागात खेटे घालून उपयोग नाही, एफ दक्षिणला जावे लागते. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल तर नोंद माहेरच्या गावी असते, हेही ऐन वेळी आठवते. विभाग कार्यालयात आरोग्य खात्याच्या खिडकीवर, अर्ज लिहिण्यापूर्वी, आपले प्रकरण दुरुस्तीत बसते का हे तोंडी विचारून घ्यावे. बसत नसेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा मार्ग राहतो. अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान नसलेल्या, मुलासाठी तो अर्ज पालक करतात. राजपत्राने नोंदवही आपोआप बदलत नाही, म्हणून ती प्रत जन्मदाखल्याबरोबर कायम जपावी लागते.

यातले काहीही चालू असताना बाल आधार, पासपोर्ट, बँकेचे खाते यांची घाई करू नये. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, तेव्हा आधी दाखला आणि मग बाकीचे, हाच क्रम ठेवावा.

आमच्याकडे हेरंब हेच नाव राहिले. दाखला हातात आला तेव्हा मराठीत नाव बरोबर होते आणि इंग्रजीत ‘एम’च्या जागी ‘एन’ पडला होता, जो आम्ही घरी येऊन दिवाणखान्यात बसल्यावर पाहिला आणि ज्याच्यासाठी नवऱ्याला अर्धी रजा टाकून पुन्हा जावे लागले. तेव्हा दाखला मिळताच खिडकीसमोरून न हलता दोन्ही लिप्यांतील नाव, आई-वडिलांची नावे आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचावी, मागे रांग कितीही मोठी असली तरी.