नसाऊला क्रूझ थांबली की जेवायला कुठे जावं?

बहामाजच्या नसाऊत क्रूझ काही तासच थांबते आणि बंदरालगतची हॉटेलं बहुतेक पर्यटकांसाठीच असतात.

१. बाहेर पडून बे स्ट्रीटने पश्चिमेला चाला. साधारण अर्ध्या तासात अरावाक के येतं. रंगीबेरंगी टपऱ्यांच्या या जागेला ‘फिश फ्राय’ म्हणतात. नसाऊकर स्वतः इथे खायला येतात, म्हणून मला ती आवडते.

२. कॉंक सॅलड मागा. शंखातलं मांस, कांदा, टोमॅटो, तिखट मिरची बारीक चिरून वर भरपूर लिंबू पिळतात. अगदी आपल्या कोशिंबिरीसारखं! मांस कच्चंच असतं, त्यामुळे डोळ्यांसमोर ताजा शंख फोडणाराच विक्रेता निवडा.

३. अमेरिकन डॉलर सरळ चालतात, बहामाजच्या डॉलरशी १ ला १.

मोबाईलचं घड्याळ बेटाची वेळ दाखवतं. जहाजावरची वेळ त्याहून वेगळी असू शकते, म्हणून परतताना जहाजाचीच वेळ धरा.