'चला, फुलपाखरू व्हा' म्हणू नका! मुलांना निसर्गावरचा नाच शिकवताना या चुका टाळा

नवी मुंबईत नेरुळला पहिली ते चौथीच्या मुलांचा क्रिएटिव्ह डान्सचा तास घेते, आणि नवीन टीचर्सचे तास बघायला गेले की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट बिघडलेली दिसते. टीचर म्हणते, "चला, आता सगळे फुलपाखरू व्हा." मग चाळीस मुलं हात वरखाली करत गोल गोल पळतात, दोन मिनिटांत एकमेकांवर आपटतात आणि पुढे काय करायचं ते टीचरलाही सुचत नाही. यात मुलांची काहीच चूक नाही हो, आपण त्यांना नुसतं नाव दिलं, करायला काही दिलंच नाही.

नाव नको, क्रियापद द्या. आपल्याकडचंच उदाहरण घ्या, फ्लेमिंगो. ठाणे खाडीत २०१५ पासून त्यांचं अभयारण्य आहे, नोव्हेंबरच्या सुमारास येतात, मेपर्यंत तरी असतात, सीवूड्सच्या मुलांनी तर ते घराजवळच बघितलेले असतात. "फ्लेमिंगो व्हा" म्हटलं की सगळे एका पायावर उभे राहणार, पडणार, हसणार, संपलं. त्यापेक्षा मुलांना विचारा की तो खातो कसा. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, पायाने चिखल ढवळतो, चोचीतून पाणी गाळून बाहेर टाकतो, आणि उडताना सगळा थवा एकदम वळतो. म्हणजे ढवळणं, गाळणं, उलटं होणं, एकदम वळणं, चार शब्द मिळाले की नाही? आता म्हणा पायाने ढवळ, मग कोपराने ढवळ, मग पाठीने, आता बसून, आता इतकं हळू की पाण्याला कळायलाही नको. कोणीही फ्लेमिंगोसारखं दिसत नाही पण प्रत्येक मूल वेगळं नाचत असतं, आणि मला तर तेच हवंय.

सुचेनासं झालं तर नाचाच्या हालचालींचा अभ्यास करणारे रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीकडे बघायच्या ज्या चार बाजू सांगितल्या, वजन, वेळ, जागा आणि ओघ, त्याचे मी साधे प्रश्न करून ठेवलेत. जड की हलकं? झटकन की सावकाश? सरळ की वळत वळत? सोडून दिलेलं की रोखून धरलेलं? एकच "ढवळणं" या प्रश्नांतून फिरवलं की अर्धा पिरियड जातो.

दुसरी मोठी चूक म्हणजे स्वतः करून दाखवणं. तुम्ही हात वर केला की चाळीस हात तसेच वर. दाखवायलाच लागलं तर मी फक्त बोटांनी दाखवते आणि सांगते, हेच आता अख्ख्या अंगाने करा, मग कॉपी करायला काही उरतच नाही.

गाणं लगेच लावू नका. ओळखीचं गाणं लागलं की मुलं त्याची हूक स्टेपच करणार. आधी शांततेत, मग खंजिरीवर, किंवा गुलमोहराच्या वाळक्या शेंगा वाजवून, त्या उन्हाळ्यात झाडाखाली फुकट मिळतात आणि मुलं हौसेने गोळा करून आणतात.

गोंधळ होतोय? मग पहिली पाच मिनिटं फक्त "स्टॅच्यू" खेळा, सगळ्यांना येतो तो. खंजिरीचा एक ठोका म्हणजे स्टॅच्यू, हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊच नका. पळापळ फार वाढली तर मी भरती-ओहोटी घेते, सोळा आकड्यांत पाणी भिंतीपर्यंत जातं आणि सोळा आकड्यांत मागे येतं, मध्ये कुठेही थांबायचं नाही की पळायचं नाही. शाळेच्या लादीवर सॉक्स घालून नाचू देऊ नका, अनवाणीच बरं, आणि पावसाळ्यात आधी लादी कोरडी आहे ना ते बघा.

वादळ घेतलं की काही मुलं मारामारीवर येतात. त्यांना ओरडण्यापेक्षा अर्ध्यांना वारा करा, ज्याने कोणालाही हात लावायचा नाही, आणि अर्ध्यांना तिवर, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं झाड. तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात हे सांगितलं की मुलं चाट पडतात आणि जमिनीला चिकटून बसतात.

आणि न नाचणाऱ्या मुलाला ओढू नका, प्लीज. माझ्याकडे एक मुलगी तीन तास भिंतीला टेकून बसायची, मी तिच्या हातात खंजिरी दिली, ती पण तिने खाली ठेवली. चौथ्या तासाला बघितलं तर मांडीवर बोटं एकेक करून वर येतायत. विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "मुळं येतायत." मी बाकीच्यांना बसवलं आणि तिची बोटं बघायला सांगितली, मग सगळ्यांनी तसंच खालून एकेक अवयव वर आणला. कोणाचा खांदा, कोणाचा गुडघा, एकाचं नुसतं डोकं.

राहिलं गॅदरिंग. एका शाळेत मुलांनी दोन महिने बनवलेला नाच ऐनवेळी काढून गुलाबी सॅटिनचे पंख आणि गाणं लावलं, मुलं रांगेत उभी राहून हात हलवत होती, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी जूनमध्येच सांगून टाकते की तीन मिनिटं द्या, साधे टीशर्ट चालतील, सुरुवातीचा एक आकार आणि शेवटचा एक आकार ठरलेला असेल, मधलं मुलांचं. पालकांना हवं तर एक तास बघायला बोलावते, आणि मागे बसवून न ठेवता त्यांनाही ढवळायला लावते.