चौकात अंडरपास हवाय? आधी गाड्या मोजा, मग पाणी बघा

नगरसेवकाकडे निवेदन न्यायच्या आधी वही घ्या आणि सकाळच्या गर्दीत चौकात उभे राहा. सरळ जाणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजा, उजवीकडे वळणाऱ्या वेगळ्या. अंडरपासचा फायदा सरळ जाणाऱ्यालाच. वळणारा वर सिग्नललाच थांबतो. निम्म्या गाड्या वळत असतील तर हट्ट सोडा. रिक्षा थांबा हलवून आणि सिग्नलची वेळ बदलून जास्त काम होईल. अंडरपास हवा म्हणायला रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा ढोबळ आकडा ताशी १०,००० पीसीयूचा (पीसीयू म्हणजे प्रत्येक वाहन कारच्या हिशोबात मोजायचं एकक), तोही चौकाच्या सगळ्या बाजू धरून.

मग लांबी पावलांनी मोजा. शहरात आत ५.५ मीटर मोकळी उंची लागते. वरचा स्लॅब धरला की रस्ता साडेसहा मीटर खाली जातो. तीसास एक उतार दिला तर एकेका बाजूला २०० मीटर रॅम्प. तेवढ्यात पुढचा सिग्नल किंवा शाळेचं फाटक आलं तर अडलंच. आडवा रस्ता दीड-दोन मीटर उचलून घेतला तर खोदाई वाचते, रॅम्पही आखूड होतो. आमच्या बांधकाम खात्यात हे सुचवलं की साहेब लोक कपाळाला आठ्या घालायचे, पण सुचवाच.

खरी परीक्षा पाण्याची. जवळच्या नाल्याचा तळ अंडरपासच्या तळापेक्षा वर असेल, तर पंप जन्माला चिकटला. मुंबईतला अंधेरीचा सबवे रेल्वेखालचा, पण दुखणं हेच: थोडा जोराचा पाऊस झाला की बंद. तिथल्याच मिलन सबवेसाठी पालिकेला जमिनीखाली साठवण टाकी बांधावी लागली. म्हणून रॅम्पच्या तोंडाशी रस्ता उंबऱ्यासारखा थोडा उचलायला सांगा, म्हणजे वरच्या रस्त्याचं पाणी आत उतरत नाही. त्याच्या आत आडवी जाळीची गटार. एक पंप जादा, डिझेल जनरेटर, आणि पंपाचं विजेचं पॅनेल वर, जमिनीच्या पातळीला. पॅनेल खाली बसवलेलं मी पाहिलंय. पाणी भरलं की पहिलं तेच बंद पडतं. भिंतीवर खोलीचे आकडे रंगवा, तोंडाला अडसर लावा. मे २०२३ मध्ये बेंगळुरूच्या के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये तुंबलेल्या पाण्यात गाडी अडकून एक तरुणी गेली.

पादचाऱ्यांना खाली ढकलू नका, त्यांना वरच सिग्नल ठेवा.

निविदेआधी चाचणी खड्डे घ्यायला लावा. जलवाहिन्या आणि केबल नकाशात दाखवल्या तिथे क्वचितच सापडतात. आणि खोदाई दिवाळी संपताच सुरू करायची अट घाला, म्हणजे मृगाआधी तळाचा स्लॅब पडतो.