पैठणीचा रंग फोनवर खरा दिसावा म्हणून

जांभळ्या पैठणीचा फोटो काढला की ती निळी दिसते. आमच्याकडे पहिल्यांदा परत आलेली साडी जांभळीच होती. येवल्यात आमच्या घरी दोन माग आहेत. एकावर सासरे बसतात, दुसऱ्यावर नवरा, आणि फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवायचं काम माझं. त्या साडीच्या पदरावर बांगडी मोर होते, सव्वा महिना लागला होता विणायला. नागपूरच्या एका ताईंनी फोटो बघून लगेच पैसे पाठवले. साडी पोचली त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अहो, मी निळी मागवली होती, ही तर जांभळी निघाली." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी पाठवलेल्या फोटोत साडी निळीच होती.

त्यानंतर दोन वर्षं मी फोटोच्या मागे लागले. जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, कारण मागावरून थेट गिऱ्हाइकाला साडी विकणाऱ्या घरांत हे काम बहुतेक वेळा आमच्यासारख्या सुनांकडे किंवा मुलींकडे येतं.

सुरुवात उजेडापासून. कॅमेरा कितीही भारी असला तरी उजेड चुकला की रंग गेला. आमची ओसरी उत्तरेकडे तोंड करून आहे, तिथे थेट ऊन कधी येत नाही. सकाळी नऊ ते अकरा मी तिथेच फोटो काढते. घरातली ट्यूब बंद करायची, अगदी आतल्या खोलीतलीसुद्धा. दाराचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकाच साडीवर पडला की अर्धी साडी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्याच रंगाची होते, आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाही. भिंतीकडेही लक्ष द्या. आमच्या ओसरीची भिंत गुलाबी आहे. तिची झाक मोतिया रंगाच्या साडीवर उतरते, डोळ्यांना जाणवत नाही पण फोटोत येते. म्हणून मी भिंतीवर पांढरी चादर टांगते. समोरच्या बाजूने थर्माकोलचा मोठा तुकडा उभा केला की निऱ्यांमधला अंधारही कमी होतो.

रात्रीच काढायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात. शटर, म्हणजे कॅमेरा उजेड किती वेळ आत घेतो ते, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं तर ठीक, त्याहून वेगात ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. पण रंग दाखवायचा फोटो मी रात्री काढत नाही. गिऱ्हाइकाला सकाळपर्यंत थांबायला सांगते, आणि आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

फ्लॅश कधीच नको. जर म्हणजे धातूची चकाकी, समोरून उजेड मारला की काठ पांढराफटक होतो आणि त्यातली नक्षी पुसून जाते. उजेड एका बाजूने, तिरका यायला हवा. साडी दांडीवर टांगून मी दांडी थोडी थोडी फिरवते. एका कोनात काठ एकदम भडकतो, अजून थोडं वळवलं की तोच काठ सोन्यासारखा दिसतो आणि काठावरच्या नारळी नक्षीचा एकेक दात मोजता येतो. तिथे थांबायचं.

आता कॅमेरा. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स. स्टँडवर लावते. लेन्स ५० च्या आसपास ठेवून मागे सरकते, कारण जवळून १८ वर काढला तर साडीचे काठ बाहेरच्या बाजूला फुगतात. मोड ए किंवा एव्ही, त्यात ॲपर्चर आपण ठरवायचं आणि शटर कॅमेरा ठरवतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १००. मग शटर एक चतुर्थांश सेकंदापर्यंत रेंगाळलं तरी चालतं, साडी कुठे पळून जात नाही. फक्त बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि पंखा बंद करायचा. पंख्याच्या वाऱ्याने पदर हलतो आणि आपल्याला वाटतं फोकस चुकला.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, कॅमेऱ्यावर सोडू नका. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी करायचं असतं. काळी चंद्रकळा समोर ठेवली की तो उजेड वाढवतो आणि काळ्याची राखाडी करून टाकतो. तिथे मी कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमीजास्त करायची सेटिंग, उणे १ करते. पांढऱ्या किंवा मोतिया साडीला उलट, अधिक ०.७. राणी आणि गडद लाल रंगांची अडचण वेगळी असते. एकूण उजेड बरोबर दिसतो, पण लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, एकटा भरून वाहतो, आणि वीण दिसायच्या जागी लालभडक सपाट डाग दिसतो. म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठे किती उजेड आहे ते दाखवणारा आलेख, वेगळा बघा. लालचा डोंगर उजव्या कडेला आपटला असेल तर उणे ०.७ करून पुन्हा काढा. फोटो किंचित अंधारा आला तर नंतर उजळता येतो, जळून गेलेला रंग मात्र परत येत नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवला होता, तिथेच माझी ती जांभळी साडी फसली. फ्रेमभर एकच रंग असला की ऑटोचा अंदाज चुकतो. तो रंग उजेडाचाच आहे असं समजून कॅमेरा तो काढून टाकायला बघतो. शिवाय जांभळा हा कॅमेऱ्यांना मुळातच अवघड जाणारा रंग. त्यातला लालपणा आपला डोळा जसा पकडतो तसा सेन्सर पकडत नाही, आणि सावलीतल्या उजेडात निळेपणा आधीच असतो. उपाय म्हणजे ग्रे कार्ड, साधं राखाडी रंगाचं कार्ड. साडीच्या जागी, त्याच उजेडात कार्ड धरून एक फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याच्या कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो निवडायचा. झेरॉक्सचा पांढरा कागद त्याऐवजी वापरू नका. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात निळसर चमक देणारं द्रव्य घातलेलं असतं, त्यामुळे कॅमेऱ्याचा हिशोब चुकतो आणि फोटो पिवळट होतो. उजेड बदलला, ढग आला, की कार्ड पुन्हा.

कॅमेऱ्यात कलर स्पेस नावाची एक सेटिंग असते, फोटोत किती रंग मावतील ते ठरवणारी, ती एसआरजीबी हवी. दुसरा पर्याय ॲडोबी आरजीबी. तो छपाईसाठी चांगला, पण ज्या ॲपला तो कळत नाही तिथे सगळे रंग मरगळलेले दिसतात. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा, व्हिव्हिड नको.

फोनवर काढत असाल तर आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा, तेलाचा हात लागलेला असतो. १एक्सऐवजी २एक्स लावून मागे सरका. साडीवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतात, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून जर भडकणार नाही इतपत उजेड कमी करा. रंग आपोआप गडद करणारे सीन मोड आणि फिल्टर सगळे बंद. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल निवडा म्हणजे फोटो थेट जेपेगमध्ये मिळतो. २०१७ पासून आयफोन हाइक फॉरमॅटमध्ये फोटो ठेवतो, आणि समोरच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो उघडेलच असं नाही.

धूपछावी साडीला एक फोटो पुरत नाही. ताणा मोरपंखी आणि बाणा राणी असला की उभं राहून बघितलं तर एक रंग, बसून बघितलं तर दुसरा. मी डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन फोटो आणि निरी हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवते. बाकी प्रत्येक साडीचे पाच फोटो ठरलेले: पूर्ण साडी, पदर, काठ, अंगावरचा बुट्टा जवळून, आणि उलटी बाजू. उलट्या बाजूचा फोटो मागायची वाट बघू नका. हातमागावर तिल्लीने, म्हणजे धाग्याच्या छोट्या रिळाने, भरलेली नक्षी मागूनही तशीच स्वच्छ असते, लोंबते धागे नसतात. ओळखणारं गिऱ्हाईक आधी तेच बघतं.

आता लहान करायचं काम. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की तो लांब बाजूला सुमारे १६०० पर्यंत खाली येतो, म्हणजे दर चौदा ठिपक्यांचा एक ठिपका होतो. ही कापाकापी ॲपवर सोडण्यापेक्षा मी स्वतः करते. जिंप नावाच्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फुकट मिळतं. क्रम असा: आधी कापून चौकट ठरवायची, मग उजेड आणि रंग, मग लांब बाजू १६००, आणि शार्पन, म्हणजे कडा धारदार करणं, अगदी शेवटी, लहान केल्यावर. आधी शार्पन करून नंतर लहान केलं तर सगळी मेहनत विरघळते. लहान केलेला फोटो १०० टक्क्यांवर बघायचा. काठाच्या बारीक चौकड्यांवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा दिसायला लागल्या तर त्या ठिपके जुळण्याच्या गोंधळातून आलेल्या असतात. १६०० ऐवजी १५०० करून बघा, किंवा लहान करण्याआधी काठावर अगदी हलका ब्लर द्या.

सेव्ह करताना जेपेगची क्वालिटी ८५. फाइल बहुधा एक एमबीच्या आत बसते. जिंपच्या निर्यातीच्या खिडकीत प्रगत पर्यायांमध्ये सबसॅम्पलिंग असतं, तिथे ४:४:४ निवडा. जेपेग करताना उजेड-अंधार पूर्ण तपशिलात ठेवला जातो, पण रंग एरवी बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून एकदाच नोंदवला जातो. पदरावरच्या मुनियाची, म्हणजे छोट्या पोपटाची, लाल चोच म्हणजे लहान फोटोत जेमतेम तीन-चार ठिपके. रंगाची अशी काटकसर झाली की चोच हिरव्यात कालवली जाते आणि पोपट आजारी दिसतो. व्हॉट्सॲप फोटो पुन्हा दाबतंच, त्यामुळे मुनिया दाखवायची असेल तर पूर्ण पदराच्या फोटोवर भिस्त ठेवू नका. मूळ फोटोतून फक्त तेवढा भाग १६०० चा कापून वेगळा पाठवा. इन्स्टाग्रामला मी १०८० बाय १३५० करते, उभी साडी त्यात छान बसते.

मूळ फाइलवर कधी सेव्ह करू नका. साडीच्या नंबरच्या फोल्डरमध्ये मूळ फोटो वेगळा, पाठवायचा वेगळा. जेपेग उघडून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी झिजते.

एवढं सगळं केलं तरी समोरच्या बाईंचा फोन आपल्या हातात नसतो. कोणाच्या पडद्यावर व्हिव्हिड लावलेलं, कोणाचा रात्रीचा पिवळा प्रकाश चालू. आपला स्वतःचा फोन तपासताना तो पिवळा प्रकाश आणि आयफोनवर पडद्याचा रंग आपोआप बदलणारं ट्रू टोन बंद करा, हे तर झालंच. पण त्यांचं काय? यावर मला सापडलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे शंभराची नोट. २०१८ पासूनची नवी नोट फिकट जांभळी आहे. जांभळ्या साडीजवळ मी बऱ्यापैकी नवी नोट घडी घालून ठेवते, फक्त कोपरा दिसेल अशी, आणि सोबत लिहिते, "ताई, तुमच्याकडची नवी शंभराची नोट दिवसाच्या उजेडात फोनशेजारी धरा. फोनमधली नोट जास्त निळी दिसत असेल तर साडीही फोनवर तेवढीच जास्त निळी दिसते आहे." पिवळ्या साड्यांना दोनशेची नोट. निळ्या आणि आकाशी रंगांना २०१७ पासूनची पन्नासची. रंग शब्दांतही लिहिते: आबोली, पण केशरीकडे कमी आणि गुलाबीकडे जास्त झुकणारी.

जास्त बारकाईने बघणाऱ्यांना मी पदराचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवते, तो जसाच्या तसा पोचतो. पण अशा फाइलसोबत फोटो कुठे काढला तेही जाऊ शकतं, लोकेशन चालू असेल तर थेट घराचा पत्ता. घरात लाख-लाखाच्या साड्या असतात, म्हणून फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन मी कायमचं बंद केलेलं आहे. तुम्हीही आजच करा, आणि आधी काढलेले फोटो असे पाठवायच्या आधी जिंपमधून निर्यात करताना एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत साठवलेली माहिती, या पर्यायापुढची टिकची खूण काढून टाका.

नागपूरच्या ताईंना मी ती जांभळी साडी पुन्हा ओसरीत टांगून, कार्ड धरून, नोटेसकट तिचा फोटो काढून पाठवला होता. त्यांना निळीच हवी होती, ती त्यांना पुढच्या पौषात विणून दिली. जांभळी साडी त्याच फोटोवरून सांगलीला गेली.