मूल ऐकत नाही, अंगावर धावून येतं? आधी आठवडाभर वही लिहा

आमचे चिरंजीव 8 वर्षांचे असताना शाळेतून दर दोन दिवसांनी चिठ्ठी यायची. घरी मोबाइल काढून घेतला की ताट भिरकावणं, लाथा. 'बापाच्या लाडानं बिघडलाय,' हे सासूबाईंचं निदान. डॉक्टरीणबाईंनी आधी वही लिहायला लावली.

तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग तुम्ही काय केलंत. तिसरा खरा भरा, गोम तिथंच असते. आमच्या वहीत 7 दिवसांत 5 वेळा एकच ओळ: 'शेवटी मोबाइल दिला.' तो ओरडायचा, मी ओरडायचे, तो आणखी चढायचा, मी हात टेकायचे. त्याला कळायचं ओरडून मिळतं, मला कळायचं दिलं की शांतता होते. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं घरोघरी निरीक्षण करून हेच चक्र मांडलंय.

ते तोडायला स्वयंपाकघरातून हाका मारू नका. जवळ जा, एकच सांगा: 'दप्तर खुंटीला लाव.' 'लावतोस का?' नको. मनात 5 आकडे मोजा. लावलं, की लगेच 'एका हाकेत लावलंस!' नुसतं 'शहाणं बाळ' म्हटल्यानं त्याला काही कळत नाही. किरकिरीकडे काणाडोळा करा. हात उचलला तर मात्र त्या संध्याकाळचा मोबाइल बंद, तेवढंच. मी एकदा महिनाभराचा बंद केला होता. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे काढून घ्यायला काही उरलंच नाही.

सुरुवातीला आरडाओरडा वाढतो. चौथ्या दिवशी सासूबाईंनी गुपचूप मोबाइल दिला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यामुळे आजी-आजोबांनाही आधीच सामील करून घ्या.

सहा महिने झाले तरी हे चालूच असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जा. प्राण्यांना इजा, चोरी, आग लावणं दिसलं तर तेवढंही थांबू नका. अतिचंचलता आणि अध्ययन अक्षमता (वाचणं, लिहिणं, गणित शिकण्यातली अडचण) तपासून घ्या. आमच्याकडे अतिचंचलता निघाली, गोळी तिच्यासाठी सुरू झाली. उद्धटपणाची अशी गोळी नसते. कुठं जायचं कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

चौदा-पंधराच्या मुलाला मात्र चांगलं वागल्यावर चांदण्या चिकटवायचे तक्ते दाखवू नका, हसेल. नियम त्याच्यासोबत बसून ठरवा आणि तो कुणाबरोबर, कुठं असतो याची खबर ठेवा.

वही अजून फ्रिजवर आहे. हल्ली तिसरा रकाना सासूबाई भरतात.