पहिली-दुसरीच्या जोडवर्गावर रुजू होताना

शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून निवड झाली, शाळा निवडायच्या समुपदेशनात गाव मिळालं, की नव्या शिक्षणसेवकाचा फोन येतोच : "सर, वर्ग सजवायला काय काय घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. काही घेऊ नका. भिंतीवरचे रंगीत तक्ते दोन आठवड्यांत मुलांना दिसेनासे होतात आणि पावसाळ्यात ओल धरून खाली येतात. पहिल्या पगाराचे पैसे त्यात घालवू नका.

वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत खरी अडचण वेगळीच असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि आपण दोघे. नव्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिली-दुसरी येते. डीएडला आपण सराव पाठ घेतलेले असतात ते एका वर्गावर, एका विषयाचे, टाचण काढून. इथे एकाच खोलीत निम्म्या पोरांना अजून पेन्सिल नीट धरता येत नाही आणि उरलेली निम्मी हातच्याच्या बेरजेपर्यंत आलेली.

अशा वर्गात आधी कोणाला शिकवायचं याचा विचार नंतर करा. आधी कोणाला काम द्यायचं ते ठरवा. दुसरीला काम लावून मग पहिलीकडे बसायचं. आणि काम असं हवं, की ते बरोबर आलं की चूक हे मुलाला तुम्हाला न विचारता कळेल. नाहीतर "सर, झालं", "बाई, बघा की" हा गजर थांबत नाही आणि पहिलीचा ग-म-भ-न तिथेच राहतो. पाढे लिहून काढा, पान उतरवून घ्या, हे काम नव्हे. ती मुलांना गुंतवून ठेवायची युक्ती आहे आणि पोरांना ती लगेच कळते.

माझ्या वर्गात यासाठी शंभर मण्यांची माळ खिडकीच्या गजाला बांधलेली असते. दहा मणी लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. एकाने अंककार्ड उचलायचं, दुसऱ्याने तेवढ्या मण्यांनंतर कपड्याचा चिमटा लावायचा, पहिल्याने मोजून बघायचं. पहिल्या आठवड्यात सगळी एकपासून मोजतात. मग एखादी पोर म्हणते, "लाल-पांढरं दहा-दहाचं हाय की, कशाला मोजतो?" ती म्हणेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. नव्या शिक्षकाला हेच सगळ्यात जड जातं.

संख्यावाचनावर घाई करू नका. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतात, म्हणून मूल 35 लिहितं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं, म्हणून 29 च्या जागी 39 पडतात. मूल मठ्ठ आहे म्हणून हे होत नाही, ते कानाशी प्रामाणिक असतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा विधानसभेतही तिची टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी दुसरीच्या वर्गात तासभर काढायला हवा होता. अर्थात बाजारात पोराला त्रेपन्नच ऐकायचं आहे, तेव्हा मी दोन्ही म्हणून घेतो. 'पन्नास तीन, त्रेपन्न' असं म्हणत पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवायच्या. काड्या खराट्याच्या हिराच्या किंवा तुरीच्या. गठ्ठा मुलांनीच बांधायचा, रबरही त्यांनीच लावायचं. आयते बांधलेले गठ्ठे दिलेत तर दशक कळत नाही, नुसती एक जाड काडी दिसते.

आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि पट अचानक वाढतो. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाची इयत्ता नोंदवलेलं कार्ड, दिलं असेल तर ठीक, नसेल तरी मुलाला आधी वर्गात बसवा, कागद मागून होतात. कार्डावर दुसरी लिहिलंय म्हणून दुसरीच्या पुस्तकाला जुंपू नका. काय येतं ते खेळता खेळता बघा. फडावरची एक मुलगी अशीच आली होती, अंक ओळखत नव्हती. काड्यांचे गठ्ठे पाहिले आणि म्हणाली, "ही तर मोळी." दहाची मोळी ही गोष्ट तिला कोणी शिकवावी लागली नाही. पुढे वर्गातली बाकीची पोरंही दशकाला मोळीच म्हणू लागली आणि मी ते बदललं नाही.

भाषेचंही तेच. सकाळी एकाला घरची बातमी सांगायला लावायची आणि ती फळ्यावर लिहायची. 'काल आमच्या म्हशीला रेडकू झालं.' हे वाक्य पहिलीतलं मूलही आठ दिवसांत चित्रासारखं ओळखतं, मग त्यातला 'म' आणि 'र' वेगळा काढता येतो. मूल 'व्हतं' म्हणालं तर चूक म्हणू नका. आपण बोलताना 'होतं' म्हणायचं, फळ्यावर तेच लिहायचं, पुढे चालायचं. पहिलीत उच्चारावरून हसलात तर ते मूल तिसरीपर्यंत तुमच्याशी बोलत नाही.

परिपाठ आटोपशीर ठेवा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, बोधकथा हे सगळं रोज ताणून केलं तर पहिलीची पोरं उन्हात डुलायला लागतात. खिचडीनंतर वाचन नको. तेव्हा गाणी, चिंचोक्यांचे खेळ, मातीकाम किंवा परसबाग.

नोंदींबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणारं मूल्यमापन 70 गुणांचं आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरचं 30 चं, म्हणजे खरं वजन रोजच्या निरीक्षणाला आहे. पण बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळतात आणि सत्र संपताना त्यातून उतरवून 'वर्गकार्यात रस घेतो' हे वाक्य तीस मुलांच्या नावापुढे जातं. त्यापेक्षा खिशात छोटी वही ठेवा. 'हातच्याची बेरीज काड्यांनी करते, वहीत अडते' एवढं लिहिलं तरी पुढच्या सोमवारी काय करायचं ते कळतं. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख वर्गात आले आणि गलका दिसला, तर ही वही पुढे करा. कोणतं मूल कुठे आहे हे तुम्ही पटापट सांगितलंत, की गलक्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

साहित्यासाठी दुकानात जायची गरज नाही. जूनमध्ये शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याला आया येतात, तेव्हाच माता पालक गटाला सांगून ठेवा : चिंचोके, हीर, बाटल्यांची बुचं, जुने चिमटे. चार दिवसांत पोतं भरतं. रबरं मात्र स्वतः विकत घ्या, आणि एक पाकीट जादाचं ठेवा. उन्हाळ्यात ती चिकट होऊन तुटतात.